हिरवळीचा खर्च आणि दानाचा हिशेब

गवत तुम्हांआम्हांला नवीन नाही. शेताच्या बांधावर ते आपोआप उगवते. गुरांच्या पोटाला ते लागते. झोपडी शाकारायलाही लागते. नको तिथे उगवले, तर आपण खुरपे घेऊन बसतो. पण गवताचे बी विकत आणायचे, ते पेरायचे, त्याला पाणी घालायचे, खत घालायचे, वाढले की कापायचे, आणि कापलेले टाकून द्यायचे, असे कोणी सांगितले तर? "असं कोण करतं?" असेच आपण विचारू.

करतात. अमेरिकेत लक्षावधी घरी असे करतात. हा पाठ त्या गवताविषयी आहे. त्या गवतावरचा खर्च थोडा कमी केला, तर तो पैसा दानधर्माला कसा लावता येईल, हे आपण यात पाहू. गवत परदेशातले असले, तरी हिशेब आपल्या कामाचा आहे. म्हणून सावकाश वाचा. आकडे आले की पाटी-पेन्सिल जवळ घ्या.

१. हिरवळ म्हणजे काय?

अमेरिकेत शहराच्या कडेला जी वस्ती असते, तिथे एकेक सुटे घर असते. घरापुढे आणि घरामागे मोकळी जागा असते. आपण घरापुढे अंगण सारवतो, तुळशीवृंदावन बांधतो. तिकडे त्या जागेत आखूड, दाट गवत वाढवतात. दुरून पाहिले तर हिरवा गालिचाच अंथरल्यासारखा वाटतो. याला तिकडे 'लॉन' म्हणतात. आपण हिरवळ म्हणू.

एक मौजेची गोष्ट सांगतो. त्या देशाच्या दक्षिणेकडे ऊन कडक असते. तिथे हिरवळीसाठी एक गवत फार लावतात. त्याला ते बर्म्युडा गवत म्हणतात. ते म्हणजे आपली हरळीच, बरं का! जिच्या कोवळ्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, आणि जी शेतात शिरली की शेतकरी हैराण होतो, तीच ही हरळी. एका देशात जिला उपटायला मजुरी द्यावी लागते, तिलाच दुसऱ्या देशात वाढवायला मजुरी द्यावी लागते.

अशी हिरवळ अमेरिकेत किती असेल? २००५ साली शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून मिळालेल्या माहितीच्या आधारे एक अंदाज काढला. घरांपुढची हिरवळ, बागा, खेळाची मैदाने, सगळे धरून सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर जागा हिरवळीखाली आहे, असा तो अंदाज होता. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त जागा झाली. त्या देशात पाणी देऊन वाढवलेल्या कोणत्याही एका पिकाला एवढी जमीन नाही. मक्यालाही नाही. आणि हे पीक कोणी खात नाही.

२. ही चाल आली कुठून?

ही चाल मूळची इंग्लंड-फ्रान्सकडच्या मोठ्या जमीनदारांची. त्यांच्या वाड्यापुढे गवताचे विस्तीर्ण पट्टे असत. गडीमाणसे लांब दांड्याच्या विळ्याने ते गवत छाटीत, नाहीतर मेंढ्या चरून ते आखूड ठेवीत. आलेल्या पाहुण्याला न सांगता एक गोष्ट कळे. या घरी जमीन इतकी आहे, की एवढ्या जमिनीत धान्य पिकवायची यांना गरज नाही!

पुढे १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचे यंत्र काढले. त्याच्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर जी लव येते, ती छाटून सारखी करायचे एक यंत्र गिरणीत असे. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. यंत्र आले, आणि जी गोष्ट जमीनदाराला दहा गडी लावून करावी लागे, ती साधा नोकरदारही करू लागला. मोठ्यांची चाल लहानांच्या दारी आली. असे आपल्याकडेही होतेच. वाड्यातला थाट पाहून आळीतले लोक तसा थाट करू लागतात.

आता तिकडे हिरवळ ही नुसती हौस राहिलेली नाही. कित्येक वसाहतींत घरमालकांची मंडळे असतात. गवत किती उंच वाढू द्यायचे, याचेही नियम ती करतात. नियम मोडला तर दंड होतो. जिथे नियम नाही, तिथे शेजाऱ्यांचे डोळे असतात. गवत पिवळे पडले की "या घरात काही बरं दिसत नाही," असे लोक म्हणतील, ही धास्ती असते. म्हणजे खर्चाचा काही भाग आवडीपोटी होतो, आणि काही भाग लाजेपोटी. हा दुसरा भाग नीट ध्यानात ठेवा. त्याचे काम पुढे पडेल.

३. मेंढ्यांनी उभा केलेला निधी

हिरवळीचा खर्च वाचवून चांगल्या कामाला पैसा देता येतो, याचा एक गाजलेला दाखला खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरचा आहे.

१९१७ च्या एप्रिल महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तेव्हा वुड्रो विल्सन हे राष्ट्राध्यक्ष होते. आपल्याकडे जसे दिल्लीला राष्ट्रपती भवन, तसे तिकडे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आहे. त्याला 'व्हाइट हाउस' म्हणतात. त्याच्यापुढे मोठी हिरवळ आहे. ती कापायला बरीच माणसे लागत. युद्धाच्या दिवसांत माणसांची टंचाई होती. म्हणून १९१८ साली त्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. पुढे हा कळप ४८ मेंढ्यांपर्यंत वाढला. मेंढ्यांनी गवत आखूड ठेवले आणि कापणीची माणसे मोकळी झाली.

गोष्ट इथेच संपली असती, तर ती नुसती काटकसर झाली असती. पण पुढे मेंढ्यांची लोकर कातरली. ती निरनिराळ्या राज्यांत वाटून तिचा लिलाव केला, आणि आलेला पैसा रेडक्रॉस संस्थेला दिला. तो किती झाला? ५२,८२३ डॉलर. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. एवढ्याशा लोकरीला बाजारात इतका भाव कुठला? पण घेणारे लोक लोकरीची किंमत देत नव्हते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला ते मदत देत होते.

वाचकहो, इथे दोन कामे झाली, ती वेगवेगळी मोजा. पहिले काम, खर्च वाचला. दुसरे काम, एका ठरलेल्या संस्थेच्या हाती पैसा पडला. पहिले काम पुष्कळांना जमते, पण दुसरे राहून जाते. वाचलेला पैसा खिशात फार दिवस टिकत नाही. तो कुठेतरी वाट काढतोच. म्हणून ज्याला दान करायचे आहे, त्याने पैसा वाचवण्याआधीच तो कुठे जाणार हे ठरवून ठेवावे. या पाठातली मुख्य गोष्ट हीच.

४. खर्च का होतो, आणि कमी कसा होतो?

आता हिरवळीचा खर्च पाहू. ही एक गंमतशीर साखळी आहे. खत घातले की गवत जोरात वाढते. जोरात वाढले की पाणी जास्त लागते. पाणी दिले की ते आणखी वाढते. वाढले की कापावे लागते. कापलेले भरून टाकून दिले, की त्याच्याबरोबर जमिनीचा कसही जातो. कस गेला की पुन्हा खत. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते. पण साखळीची एक कडी सैल केली, तर बाकीच्याही सैल होतात. ते कसे, ते पाहा.

पहिली गोष्ट, गवत फार आखूड कापू नये. तीन इंच उंची राहू द्यावी. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा कापला जाईल, एवढेच कापावे. गवत उंच असले की जमिनीवर सावली राहते, ओल टिकते, मुळे खोल जातात आणि तणही कमी उगवते.

दुसरी गोष्ट, कापलेले गवत तिथेच पसरू द्यावे. ते कुजते आणि त्याचेच खत होते. गवताला जेवढे नत्र लागते, त्यातले चौथा हिस्सापर्यंत नत्र यातून परत मिळू शकते. नत्र म्हणजे युरियात असते ते द्रव्य. तेवढे विकतचे खत कमी लागते.

तिसरी गोष्ट पाण्याची. तिकडच्या हिरवळीला वाढीच्या दिवसांत आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागते, असे धरतात. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. आता हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मग एका चौरस मीटरला आठवड्याला २५ लिटर. शंभर चौरस मीटर, म्हणजे आपला एक गुंठा धरा. त्याला आठवड्याला २,५०० लिटर पाणी झाले. आपल्याकडे २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. खेड्यातल्या दर माणसाला रोज निदान ५५ लिटर नळाचे पाणी मिळावे, असे त्यात ठरले. त्या मापाने गुंठाभर हिरवळीचे पाणी सहा माणसांना आठवडाभर पुरून उरेल.

पण पाऊस नसेल तेव्हा पाणी न दिले तर गवत मरते का? बहुधा नाही. ते पिवळे पडते आणि झोपी जाते. आपल्या माळावर पाहा ना. फाल्गुन-चैत्रात माळ कसा वाळून पिवळा होतो. बघणाऱ्याला वाटते, इथे आता काही उरले नाही. मृगाचा पाऊस पडला, की आठ दिवसांत तोच माळ हिरवागार! मुळे जिवंत असतात. तिकडच्या हिरवळीचेही बरेचसे तसेच आहे. उन्हाळ्याचे काही आठवडे ती पिवळी राहिली, तर पाणी वाचते आणि कापणीही थांबते. लागते ते एवढेच, की पिवळे अंगण दिसल्याची लाज वाटू नये.

चौथी गोष्ट, जिथे मुले खेळत नाहीत, कोणी बसत नाही, तिथले गवत काढून टाकावे. त्या जागी त्या मुलखातली, कमी पाण्यावर जगणारी झाडेझुडपे लावावी. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात लास व्हेगास नावाचे वाळवंटातले शहर आहे. त्याचे पाणी कोलोरॅडो नदीतून येते आणि ती नदी आटत चालली आहे. तिथला पाणीपुरवठा विभाग गवत काढणाऱ्या घरमालकांना उलट पैसे देतो. २०२१ साली तर त्या राज्याने कायदाच केला. रस्त्याकडेच्या आणि कचेऱ्यांपुढच्या नुसत्या शोभेच्या गवताला नदीचे पाणी द्यायचे, ते २०२६ सालाअखेर बंद करायचे असे ठरवले. घरच्या अंगणाला तो कायदा लागू केला नाही. तिथे माणसाच्या समजुतीवर सोडले.

५. माळीबुवांची चूल

आता पैशाचा हिशेब मांडू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. घराघरात ते निराळे असतील.

समजा, एका घराला वर्षाला हिरवळीसाठी असा खर्च येतो. खत व औषधे ३०० डॉलर. पाणी ४०० डॉलर. नवे बी व अवजारे १५० डॉलर. कापणाऱ्या माणसाची मजुरी दर खेपेला ५० डॉलर, अशा २६ खेपा, म्हणजे १,३०० डॉलर. एकूण २,१५० डॉलर.

हा हिशेब आम्ही प्रौढवर्गात फळ्यावर मांडला. एकजण चटकन म्हणाले, "गुरुजी, मजुरीचा आकडा सगळ्यांत मोठा. तोच निम्मा करा की! कापणी कमी लागणारच आहे."

तेव्हा मागे बसलेल्या एक बाई बोलल्या. त्या एरवी फारशा बोलत नाहीत. "गुरुजी, माझे मालक बंगल्यावर माळीकाम करतात. साहेबांनी उद्या हिरवळ काढली, तर आमची चूल कशी पेटायची? त्यांचं पुण्य होईल, पण आमचं काय?"

वर्ग गप्प झाला. बाईंचा प्रश्न खरा होता. अमेरिकेतही हिरवळ कापणारी पुष्कळ माणसे परमुलखातून, मेक्सिकोसारख्या देशातून पोटासाठी आलेली असतात. त्यांची मजुरी बुडवून जर कोणी दूरच्या गरिबाला दान दिले, तर एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढल्यासारखे झाले. वाढणाऱ्याचे स्वतःचे ताट तसेच भरलेले राहिले. याला दान कसे म्हणायचे?

म्हणून आम्ही फळ्यावर मजुरीच्या आकड्याभोवती खडूने चौकट काढली. या आकड्याला हात लावायचा नाही. माणूस तोच ठेवायचा, काम बदलायचे. गवत कापण्याऐवजी तो झाडे लावील, भाजीचे वाफे करील, आळी करील. आणि पगारी माणूस कमी करणे अगदी भागच असेल, तर त्याला हंगामाआधी सांगावे, दुसरीकडे काम मिळवून द्यावे.

मग उरले काय? खत व औषधे ३०० वरून १०० वर आणली, २०० वाचले. पाणी ४०० वरून १५० वर आणले, २५० वाचले. नवे बी आणि नवे अवजार यंदा घेतलेच नाही, १५० वाचले. एकूण ६०० डॉलर वाचले. कोणाच्या पोटावर पाय न देता वाचले. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "हे चालंल."

६. दान कोणाला?

आता ६०० डॉलर हातात आहेत असे धरू. ते कोणाला द्यावे? मागणारे पुष्कळ असतात. मोठ्याने मागणाऱ्याला चटकन मिळते. ज्याची गरज खरोखर मोठी आहे, तो कित्येकदा दारापर्यंत येतच नाही.

एक उदाहरण घेऊ. मलेरिया, म्हणजे हिवताप, तुम्हांला ठाऊक आहे. तो डासाच्या चावण्याने पसरतो. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ साली आपल्या देशात, सिकंदराबादला, डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. कारण कळून सव्वाशे वर्षे होऊन गेली. तरी २०२३ साली जगात सुमारे ६ लाख माणसे हिवतापाने गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली. आणि आफ्रिकेतल्या बळींत चारांतली तीन, पाच वर्षांच्या आतली लेकरे.

यावर एक साधा उपाय आहे. औषध लावलेली मच्छरदाणी. हा डास बहुधा रात्री चावतो, म्हणून झोपताना मच्छरदाणी बांधली की मोठे रक्षण होते. एक मच्छरदाणी दोन माणसांना पुरते असे धरतात, आणि ती दोन-तीन वर्षे कामाला येते. विकत घेऊन घरापर्यंत पोहोचवायला एकीला सहा डॉलर लागतात, असे समजा. मग ६०० डॉलरांत किती झाल्या? शंभर. किती माणसे झाली? दोनशे. एका अंगणातले गवत थोडे पिवळे राहिले, आणि दोनशे माणसे मच्छरदाणीत निजली. त्यांत निम्मी पोरे धरा.

वर्गात एका आजोबांनी विचारले, "दूरच्या पोराला मच्छरदाणी, आणि शेजारच्या पोराला काय?" त्यांचेही खरे आहे. शेजारी उपाशी असताना दूर पाहू नये. पण ज्यांच्या घरापुढे गवताचा गालिचा आहे, त्यांच्या शेजारी बहुधा दुसरा गालिचाच असतो. त्यांना दूर पाहावेच लागते.

अमेरिकेत आपली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. त्यांच्या घरांपुढेही हिरवळ असते. त्यांनी १९७८ साली 'महाराष्ट्र फाउंडेशन' नावाची संस्था काढली. तिकडे पैसा गोळा करायचा आणि इकडच्या सामाजिक कामांना पोहोचवायचा, हा तिचा एक उद्योग. म्हणजे तिकडे वाचलेला डॉलर आपल्या एखाद्या आडगावातल्या शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत येऊ शकतो.

दान देताना मात्र डोळे उघडे ठेवा. संस्था नोंदलेली आहे का, पाहा. आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे अशा संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. पैसे दिले की पावती मागा. वर्षाचा जमाखर्च बघायला मागा. मागण्यात संकोच नको. चांगल्या संस्थेला हिशेब दाखवण्यात आनंदच वाटतो.

७. आपल्या घरची हिरवळ कोणती?

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या दारात कुठली आलीय हिरवळ? दोन खाटा टाकल्या की अंगण संपलं."

बरोबर. पण मघाशी एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती. हिरवळीच्या खर्चाचा काही भाग आवडीपोटी होतो, काही भाग लाजेपोटी. हा लाजेपोटी होणारा खर्च, हीच खरी हिरवळ. ती अंगण नसलेल्या घरातही असते. लग्नात शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव हवा. वरातीला मोठमोठे कर्णे हवेत. पोराच्या वाढदिवसाला चौकात फोटोचा फलक हवा. ऋण काढून सण करायचा, आणि सण संपल्यावर ऋण फेडायचे. या सगळ्याला खतपाणी कोण घालते? "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न घालतो.

इथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरी पोटापुरतेच आहे, त्याने पोट मारून दान करावे, असे आमचे म्हणणे नाही. घरच्या लेकरांचे दूध आधी. म्हाताऱ्यांचे औषध आधी. आणि घरात आनंदही हवा. मुले ज्या गवतावर लोळतात, ते गवत वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गवतावर कोणीच पाय ठेवीत नाही, जे फक्त रस्त्यावरून जाणाऱ्याला दाखवायला आहे, तेवढेच शोधा. तेवढेच कमी करा.

आणि वाचेल ते आधी बाजूला काढा. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या गरीब मुलांना जेवू घालायचे होते. लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. आणि गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. त्याला मुष्टिफंड म्हणत. मूठभर धान्य पीठ होण्याआधीच बाजूला निघते, म्हणून ते देता येते. भाकरी झाल्यावर, जेवण झाल्यावर काय उरेल ते देऊ म्हटले, तर किती उरणार? महिन्याच्या शेवटी उरेल ते देऊ म्हणणाऱ्याचेही तसेच होते. म्हणून पगार किंवा मजुरी हाती आली, की त्याच दिवशी ठरलेली रक्कम डब्यात टाका. दहा रुपये असोत, पन्नास असोत. डब्यावर कागद चिकटवा आणि पैसा कोणाला जायचा आहे त्याचे नाव स्वतःच्या हाताने लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. लिहिलेले नाव रोज डोळ्यांपुढे राहते, आणि डब्यातला पैसा भलतीकडे जात नाही.

प्रश्न

१. बर्म्युडा गवत म्हणजे आपल्याकडचे कोणते गवत?
२. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या का सोडल्या? त्यांच्या लोकरीचा पैसा कोणाला दिला?
३. खर्च वाचवणे आणि दान करणे यांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
४. फळ्यावरच्या मजुरीच्या आकड्याभोवती चौकट का काढली?

हिशेब करा

१. दोन गुंठे हिरवळीला आठवड्याला किती लिटर पाणी लागेल?
२. एका घराने दर महिन्याला ५० रुपये डब्यात टाकले, तर वर्षाला किती होतील? तुमच्या आळीतल्या २० घरांनी असेच केले, तर किती होतील?

घरी करा

आज रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. गेल्या वर्षी लाजेपोटी केलेला एक खर्च आठवावा. तो आणि त्याचा आकडा वहीत लिहावा. त्याखाली, पुढच्या वर्षी त्यातले किती वाचवायचे आणि ते कोणाला द्यायचे, हे लिहावे. खाली सर्वांनी सही करावी. ज्याला सही येत नसेल, त्याला ती आजच शिकवावी.